तीन औषधांनंतरही न उतरणारा रक्तदाब: अल्डोस्टेरॉनची तपासणी करून घ्यावी का?

वैशाली_खानापूर

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या प्रकृतीविषयी आणि त्या निमित्ताने पडलेल्या एका प्रश्नाविषयी हा धागा काढत आहे. भावाचे वय ३८ आहे. नंदगडजवळच्या आमच्या गावी तो भातशेती आणि थोडी काजूची बाग पाहतो. अंगाने सडपातळ आहे, तंबाखू किंवा दारू यांना तो शिवत नाही. तरीही गेली काही वर्षे त्याचा रक्तदाब वाढलेला आहे आणि आज तेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन व क्लोरथॅलिडोन ही तीन औषधे पूर्ण मात्रेत चालू असूनही तो १६०/१०० च्या आसपासच राहतो. गोळ्या चुकण्याचा प्रश्न नाही, कारण भावजय त्या स्वतःच्या हाताने देते. अलीकडच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ३.३, म्हणजे कमी आले.

बेळगावच्या एका फिजिशियननी त्याला अल्डोस्टेरॉन आणि रेनिन अशा दोन तपासण्या लिहून दिल्या. आमच्या गावाकडचे डॉक्टर, ज्यांच्यावर आमच्या घराचा पूर्ण विश्वास आहे, ते म्हणतात की या तपासण्यांवर पैसे घालवण्यापेक्षा चौथी गोळी सुरू करावी. भावाचा कलही तिकडेच आहे, कारण त्याला स्वतःला काहीच त्रास जाणवत नाही. मला मात्र स्वस्थ बसवत नाही. आमच्या वडिलांना चाळिशीच्या आतच पक्षाघात झाला होता आणि त्या काळी कोणीही कारण शोधले नव्हते.

अल्डोस्टेरॉन शरीरात नेमके काय करते? त्याचा दोष असेल तर उपचार खरोखर बदलतो का? आणि हे संप्रेरक रक्तदाबाखेरीज हृदय व मूत्रपिंड यांनाही इजा करते असे त्या फिजिशियननी सांगितले, ते कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शरीरक्रिया_शिक्षक

वैशालीताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या सालीच्या सर्वांत बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते. शरीरातील मीठ आणि पाणी कमी झाले, म्हणजे जुलाब, रक्तस्राव, उन्हातले श्रम अशा प्रसंगी, मूत्रपिंडातून रेनिन सुटते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, ते रक्तवाहिन्या आकसवते आणि अ‍ॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. रक्तातील पोटॅशियम वाढले तरीही अल्डोस्टेरॉन सुटते, कारण जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकणे हे त्याचे दुसरे मोठे काम आहे.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळले जाते. त्यातील बहुतेक सगळे आधीच्या नलिकांमध्येच परत शोषले जाते. अल्डोस्टेरॉनच्या हाती उरतो तो अखेरचा दोन-तीन टक्के भाग. हिडकल धरणाचे पाणी वरच्या कालव्यांत वाटले गेल्यावर शेवटच्या चरीवर फळी घालणारा माणूस जसा थोड्याच पाण्याचा मालक असतो, पण तळाच्या शेताचे भिजणे-सुकणे तोच ठरवतो, तसे हे आहे. दोन-तीन टक्के म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम मीठ होते आणि आपण दिवसभरात खातो त्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे.

निरोगी माणसात मीठ भरपूर झाले की रेनिन खाली जाते आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही खाली जाते. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम या विकारात ग्रंथी हा लगाम मानत नाही. रेनिन तळाला गेले तरी अल्डोस्टेरॉन सुटतच राहते, मीठ साचत जाते, पोटॅशियम वाहून जाते आणि रक्तदाब चढतो. सुरुवातीला दीडएक लिटर पाणी साचल्यानंतर मूत्रपिंड दुसऱ्या मार्गांनी मीठ सोडू लागते, त्यामुळे पायांवर सूज येत नाही आणि रुग्णाला वाटते की आपल्याला काहीच झालेले नाही. तुमच्या भावाला त्रास जाणवत नाही, यात म्हणूनच नवल नाही.

अल्डोस्टेरॉन वेगळे काढण्याचे काम लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी १९५३ मध्ये केले. लगेच १९५४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. तिला उच्च रक्तदाब, स्नायूंचे पेटके आणि येऊन-जाऊन राहणारा अशक्तपणा होता, आणि पोटॅशियम फार खाली होते. शस्त्रक्रियेत तिच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ सापडली, ती काढल्यावर स्त्री बरी झाली. म्हणून या विकाराला कॉन सिंड्रोम असेही म्हणतात.

हिरवळ

क्लोरथॅलिडोन ही पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी आहे आणि तिनेही पोटॅशियम उतरते. गोळी सुरू होण्यापूर्वीचा पोटॅशियमचा आकडा आहे का?

वैशाली_खानापूर

जुना एक कागद सापडला. त्या वेळी पाण्याची गोळी नव्हती आणि पोटॅशियम ३.७ होते. म्हणजे तेव्हा ते ठीक होते, असे समजायचे का?

शरीरक्रिया_शिक्षक

३.७ हे सामान्य पातळीत, तिच्या खालच्या टोकाला आहे, पण त्यावरून हा विकार नाही असे ठरत नाही. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझमच्या बहुसंख्य रुग्णांत पोटॅशियम सामान्यच असते. कॉन यांची पहिली रुग्ण तीव्र स्वरूपाची होती आणि पाठ्यपुस्तकांत तेच चित्र रूढ झाले. त्यामुळे पोटॅशियम उतरलेले दिसले नाही तर डॉक्टरांच्या मनात हे नावच येत नाही, याची मला फार खंत वाटते. उच्च रक्तदाबाच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना आणि औषधांना दाद न देणाऱ्यांत पाचांपैकी एकाला हा विकार असू शकतो. पाण्याच्या गोळीने पोटॅशियम उतरणे हेही तपासणी करण्याचेच कारण मानले जाते.

डॉ_रायबाग

मी ग्रामीण भागात अनेक वर्षे व्यवसाय करतो आणि वैशालीताईंच्या गावाकडच्या डॉक्टरांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझ्याकडे येणाऱ्यांत ऊसतोडणीचे मजूर, विडी वळणाऱ्या बायका, लहान शेतकरी असे लोक जास्त आहेत. साखरेची आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाच्या कामाची) तपासणी करून घ्या म्हटले तरी त्यांना दिवसाचा खाडा पडतो. अल्डोस्टेरॉन-रेनिनचा नमुना आमच्या गावातून बेळगावला, तेथून पुढे मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो. त्याचा खर्च होतो, आणि आकडे संदिग्ध आले तर पुढे काय करायचे हे सांगणारा एंडोक्रिनोलॉजिस्ट (संप्रेरकांचा तज्ज्ञ) तालुक्याच्या गावी नसतो.

त्यापेक्षा साधा मार्ग उपलब्ध आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाथवे-२ या ब्रिटिश अभ्यासात तीन औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन यांची तुलना झाली आणि स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत परिणामकारक ठरले. हे औषध अल्डोस्टेरॉनचीच वाट अडवते. ते जुने आहे, स्वस्त आहे. मी २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू करतो, आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहतो, आणि बहुतेकांचा रक्तदाब उतरतो. अल्डोस्टेरॉन जास्त आहे असे कागदावर सिद्ध झाले तरी पुष्कळदा हीच गोळी द्यायची असते. मग तपासणीचा आग्रह कशासाठी?

गुरुजी_निपाणी

डॉक्टरसाहेब, तुमच्या अनुभवाविषयी आदर ठेवून आमच्या घरची हकीकत लिहितो, कारण तिच्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी आहे.

माझ्या पत्नीला पस्तिशीत रक्तदाब निघाला. औषधे बदलत गेली, वाढत गेली. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे. पोटऱ्यांत पेटके येत. जिना चढताना मांड्यांत बळ नसल्यासारखे होई. कोणी म्हणाले रक्त कमी आहे, कोणी म्हणाले काळजी फार करते. एके दिवशी हातपाय इतके गळाले की उठून बसता येईना. त्या दिवशी पोटॅशियम २.४ निघाले. शिरेतून पोटॅशियम दिल्यावर ती सावरली आणि तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथमच विचारले की रक्तदाब आणि कमी पोटॅशियम एकत्र का आहे, याचा शोध कोणी घेतला का.

तपासणीत अल्डोस्टेरॉन खूप वर आणि रेनिन नगण्य निघाले. सीटी स्कॅनमध्ये डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये छोटी गाठ दिसली. आम्हाला वाटले की आता गाठ काढायची आणि विषय संपला. परंतु तज्ज्ञांनी सांगितले की वयानुसार निरुपद्रवी गाठी अनेकांत दिसतात, आणि गाठ एका बाजूला असून संप्रेरक दुसऱ्या किंवा दोन्ही बाजूंनी येत असणेही शक्य असते. त्यासाठी मांडीच्या शिरेतून नळी घालून दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या नीलांमधून रक्त घ्यावे लागते. उजवी नीला आखूड असते, ती थेट मोठ्या महानीलेत उघडते आणि सापडायला अवघड जाते, म्हणून ही चाचणी सराव असलेल्या ठिकाणीच करावी लागते. आम्हाला त्यासाठी दूर जावे लागले. निदान डाव्या बाजूचे ठरले, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

आज पत्नीला एकच गोळी पुरते आणि पोटॅशियमचे औषध बंद आहे. रात्रीचे उठणे थांबले. परंतु हृदयाच्या भिंती जाड झाल्या होत्या आणि लघवीतून प्रथिन जात होते, त्यावर अजून लक्ष ठेवावे लागते. हे निदान दहा वर्षे आधी झाले असते तर हे टळले असते, असे मला मनापासून वाटते. म्हणून वैशालीताई, भावाची तपासणी करून घ्या.

काळीमाती_अथणी

गुरुजी, वाचून मन हलले. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांच्याच गोळ्या सुटतात का? आमच्या नात्यातील एकाला तसे आश्वासन दिले आहे.

शरीरक्रिया_शिक्षक

नाही, आणि तसे आश्वासन देणे योग्य नाही. एका बाजूची ग्रंथी काढलेल्या रुग्णांच्या २०१७ मधील मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ९४ टक्के रुग्णांचे अल्डोस्टेरॉन आणि पोटॅशियम ताळ्यावर आले, परंतु औषधांशिवाय रक्तदाब सामान्य राहिला तो ३७ टक्के रुग्णांचाच. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची औषधे कमी झाली. तरुण वय, स्त्री असणे, आधी कमी औषधे लागत असणे आणि विकार अल्पकाळाचा असणे, या गोष्टी चांगल्या निकालाच्या बाजूने असतात. रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे कडक झाल्या असतील तर कारण काढून टाकल्यावरही त्या पुन्हा पूर्वीसारख्या लवचीक होतीलच असे नाही.

येथे वैशालीताईंचा तिसरा प्रश्न येतो. संप्रेरक पेशीतील ज्या जागी बसून काम करते तिला ग्राही म्हणतात. अल्डोस्टेरॉन ज्या ग्राहीवर बसते तो ग्राही केवळ मूत्रपिंडात नसून हृदयाच्या पेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतो. तेथे तो अवाजवी काळ चेतवला गेला की दाह सुरू होतो, कोलाजेन साचते आणि मऊ ऊतीच्या जागी तंतुमय, ताठ ऊती तयार होते. हृदयाचा कप्पा नीट सैल होत नाही, वरच्या कप्प्याची लय बिघडते, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिन गळू लागते. पॅरिसच्या एका गटाने २००५ मध्ये प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझमच्या १२४ रुग्णांची तुलना तेवढाच रक्तदाब असलेल्या सामान्य उच्च रक्तदाबाच्या रुग्णांशी केली. पहिल्या गटात पक्षाघात झालेले सुमारे १३ टक्के होते, दुसऱ्यात साडेतीन टक्क्यांच्या आत. हृदयाच्या अनियमित लयीचे प्रमाण सात टक्क्यांवर, तर दुसऱ्या गटात एक टक्क्याहूनही कमी. रक्तदाबाचे आकडे सारखे असूनही इजेत एवढा फरक पडतो, यावरून या संप्रेरकाचा स्वतःचा वाटा लक्षात यावा.

उलट बाजूनेही पुरावा आहे. १९९९ च्या रेल्स अभ्यासात हृदय अत्यंत दुर्बळ झालेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर थोडेसे स्पायरोनोलॅक्टोन दिल्याने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. त्या रुग्णांचा रक्तदाब मुळात वाढलेला नव्हता आणि या मात्रेने तो फारसा बदललाही नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दुर्बळ झालेल्या हृदयावर एप्लेरेनोनचा लाभ २००३ मध्ये दिसला. मधुमेहाने बिघडणाऱ्या मूत्रपिंडांसाठी फिनेरेनोन हे याच वर्गातले नवे औषध २०२० च्या अभ्यासात उपयुक्त ठरले आणि ते आता भारतातही मिळते.

डॉ. रायबाग, म्हणूनच रक्तदाबाचा आकडा उतरला म्हणजे काम झाले, हे या विकारात पुरेसे नाही असे मी नम्रपणे म्हणेन. २०१८ मधील एका अमेरिकी अभ्यासात अशा रुग्णांना अल्डोस्टेरॉनरोधक गोळी दिल्यानंतरही ज्यांचे रेनिन दबलेलेच राहिले त्यांच्यात हृदयविकार जास्त झाले, आणि मात्रा पुरेशी पडून ज्यांचे रेनिन वर आले त्यांचा धोका सामान्य उच्च रक्तदाबाच्या रुग्णांइतकाच राहिला. निदानच झालेले नसेल तर गोळी २५ ची पुरते की १०० ची लागते, हे कशावरून ठरवणार? आणि ज्याचा दोष एकाच बाजूचा आहे त्याला शस्त्रक्रियेची संधी कधी मिळणार?

सावित्री_गोकाक

मला मिठाविषयी विचारायचे आहे. आमच्याकडे जेवणात शेंगदाण्याची आणि गुरेळाची चटणी, लोणचे, ठेचा, पापड यांशिवाय ताट पूर्ण होत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात सुकी मासळी असते. अल्डोस्टेरॉन जर मीठ साठवणारे असेल, तर मीठ कमी केल्यावर शरीर उलट जास्त अल्डोस्टेरॉन सोडेल ना? मग त्याने अपाय होणार नाही का?

शरीरक्रिया_शिक्षक

सावित्रीताई, हा प्रश्न अतिशय मर्मावर बोट ठेवणारा आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक जवळजवळ मिठाशिवाय जगतात. त्यांच्या रक्तातील रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही खूप वर असतात, आणि तरीही १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास निघाला. वयाबरोबर तो वाढतही नव्हता. प्राण्यांवरील प्रयोगांतही असेच दिसले की उंदरांना अल्डोस्टेरॉन आणि भरपूर मीठ एकत्र दिले की हृदयात तंतुमय ऊती साचते, मीठ अगदी कमी ठेवले तर तसे होत नाही. म्हणजे शरीराला मिठाची गरज असताना वाढलेले अल्डोस्टेरॉन हे त्याचे योग्य काम करत असते. गरज नसताना, मीठ भरपूर असताना वाढलेले अल्डोस्टेरॉन अपाय करते.

त्यामुळे आपल्यासारख्या खारट ताटात हा विकार अधिक नुकसान करतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे आणि आपले सेवन तिच्या बरेच वर असते. चटणी-लोणचे सोडायला मी सांगणार नाही, पण दोन्ही एकाच जेवणात नको, भाकरीच्या पिठात मीठ नको आणि ताटात वरून मीठ वाढणे बंद, एवढे तरी प्रत्येक घरात होऊ शकते.

काळीमाती_अथणी

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ते चालेल का?

डॉ_रायबाग

सर्वसाधारण माणसाला ते हितकारक आहे. उत्तर चीनमधील सहाशे गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. परंतु ज्यांचे मूत्रपिंड कमी काम करते, किंवा जे स्पायरोनोलॅक्टोन, तेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता ते मीठ वापरू नये. पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढून हृदय थांबू शकते. दुकानात पिशवीवर हे ठळकपणे लिहिलेले नसते, याची मला चिंता वाटते.

वनौषधी_संकेश्वर

याच विषयाशी जोडलेली एक गोष्ट सर्वांच्या कानावर घालतो. मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि ज्येष्ठमध हे माझ्या रोजच्या वापरातले द्रव्य आहे. घसा आणि खोकला यांवर ते गुणकारी आहे. परंतु करोनाच्या काळापासून काही घरांत काढ्यात ज्येष्ठमधाची पूड चमचाभर टाकून रोज, महिनोन्महिने घेण्याची सवय लागली आहे, ती घातक ठरू शकते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) रोखते. हे विकर एरवी कॉर्टिसोल या अ‍ॅड्रिनलच्याच दुसऱ्या संप्रेरकाला निष्प्रभ करत असते. ते थांबले की कॉर्टिसोल थेट अल्डोस्टेरॉनच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि अल्डोस्टेरॉन वाढल्याची सगळी लक्षणे उमटतात: रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, स्नायू गळतात. १९४० च्या दशकात नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी जठरव्रणावर ज्येष्ठमध देताना रुग्णांना सूज आणि रक्तदाब येत असल्याची नोंद केली होती.

या रुग्णांत विशेष हे की तपासणीत रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. म्हणून भावाने तपासणीपूर्वी काढा, चूर्ण किंवा ज्येष्ठमध घातलेला मुखवास यांपैकी काही घेत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. आमच्या शास्त्रातही मात्रा आणि काळ यांचे बंधन आहेच, ते पाळले जात नाही हे खरे दुखणे आहे.

हिरवळ

स्पायरोनोलॅक्टोनविषयी पुरुषांनी एक जाणून घ्यावे. माझ्या वडिलांची छाती ते सुरू केल्यावर दुखू लागली आणि सुजली. ते लाजेने कोणालाच बोलले नाहीत आणि गोळी परस्पर बंद केली.

डॉ_रायबाग

हे वारंवार घडते. हे औषध पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीवरही बसते, म्हणून तसे होते. स्त्रियांत पाळी अनियमित होऊ शकते. मात्रा कमी करून किंवा एप्लेरेनोनवर बदलून मार्ग निघतो. रुग्णाला आधीच सांगून ठेवले की तो गोळी सोडत नाही, परत येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मी वरचे सगळे काळजीपूर्वक वाचले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ही तपासणी सुचवली आहे. आपल्याकडे प्रत्येकाची तपासणी आज शक्य नाही, हे माझे मत कायम आहे. परंतु चाळिशीच्या आतील रुग्ण, तीन औषधांवरही न उतरणारा रक्तदाब, कमी पोटॅशियम, अ‍ॅड्रिनलमध्ये आढळलेली गाठ किंवा घरात लहान वयातील पक्षाघात, यांपैकी एकही असेल तर थेट चौथी गोळी देण्याआधी एकदा नमुना पाठवावा, हे मला पटते. वैशालीताईंच्या भावात यांतील चार गोष्टी आहेत. त्याची तपासणी व्हायलाच हवी.

वैशाली_खानापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. वरील उत्तरे मी भावाला आणि भावजयीला वाचून दाखवली. गुरुजींच्या पत्नीची हकीकत ऐकून तो तयार झाला आहे. नमुना देण्यापूर्वी काय पाळायचे ते कोणी सांगेल का? तेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन बंद करायचे का?

शरीरक्रिया_शिक्षक

स्वतःहून काहीही बंद करू नका. १६०/१०० रक्तदाब असलेल्याची औषधे तपासणीसाठी काढून घेणे धोक्याचे आहे. तेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी या दोन्हींमुळे रेनिन वर जाण्याकडे कल असतो. त्या चालू असतानाही रेनिन दबलेले निघाले तर संशय अधिकच बळकट होतो. बीटा ब्लॉकरने (बिसोप्रोलॉलसारख्या औषधाने) मात्र रेनिन उतरते आणि खोटा संशय येऊ शकतो, पण तो भावाला चालू नाही. स्पायरोनोलॅक्टोन अजून सुरू झालेले नाही, हे तपासणीच्या दृष्टीने चांगले आहे.

पोटॅशियम आधी औषधाने ४ च्या आसपास आणावे, कारण ते कमी असले की अल्डोस्टेरॉनही खाली येते आणि विकार लपतो. त्या काळात मीठ मुद्दाम तोडू नये, नेहमीचे जेवण ठेवावे. सकाळी उठून निदान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, पाच ते पंधरा मिनिटे बसून, मग रक्त द्यावे. मूठ वारंवार आवळायला लावू नये, त्याने पोटॅशियम खोटे वाढते. आणि एक महत्त्वाचे, जे खेड्यातील संकलन केंद्रात चुकते: रेनिनचा नमुना प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वेगळा करेपर्यंत बर्फात ठेवायचा नसतो. थंडीने निष्क्रिय रेनिन सक्रिय होते आणि आकडा खोटा वाढतो. शक्य असल्यास खानापूरला नमुना न देता थेट बेळगावच्या प्रयोगशाळेत जाऊन द्यावा.

वैशाली_खानापूर

अहवाल आला आहे. पोटॅशियमचे औषध घेऊन ते ४.१ झाल्यावर, तिन्ही गोळ्या चालू असताना नमुना दिला. अल्डोस्टेरॉन २८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि रेनिन मोजता येण्याच्या मर्यादेखाली आहे.

शरीरक्रिया_शिक्षक

तेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन चालू असताना रेनिन इतके दबलेले आणि अल्डोस्टेरॉन इतके वर, म्हणजे प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझमची शक्यता फार मोठी आहे. सलाईन देऊन करायची खात्रीची चाचणी लागेल की नाही, हे एंडोक्रिनोलॉजिस्ट ठरवतील. एवढ्या रक्तदाबावर दोन लिटर सलाईन देताना त्यांना विचार करावा लागेल. पुढे अ‍ॅड्रिनलचा सीटी स्कॅन होईल. पस्तिशीच्या आतील रुग्णात चित्र अगदी स्पष्ट असेल तर कधी कधी नीलांतील रक्ताची चाचणी टाळता येते, पण भाऊ ३८ वर्षांचा आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार असेल तर ती चाचणी करावी लागेल असे धरून चला.

गुरुजी_निपाणी

वैशालीताई, प्रवास, मुक्काम आणि तेथील कागदपत्रे यांविषयी जी माहिती माझ्याकडे आहे ती खासगी निरोपाने पाठवतो. जाताना सर्व जुने अहवाल तारखेनुसार लावून न्या, विशेषतः ३.७ पोटॅशियमचा तो कागद.

वैशाली_खानापूर

गुरुजी, आपले उपकार विसरणार नाही. शेवटचा प्रश्न. माझा स्वतःचा रक्तदाब अलीकडे १४४/९२ निघाला. वडिलांचा इतिहास आणि आता भावाचा अहवाल पाहता मीही तपासून घ्यावे का?

डॉ_रायबाग

होय. या विकाराचे काही प्रकार आनुवंशिक असतात, म्हणून रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तपासणी करावी असाच संकेत आहे. तुमची अजून कोणतीही गोळी सुरू झालेली नसेल, तर नमुना देण्यासाठी ही वेळ उत्तम आहे. आधी काही दिवस घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवा, मग तुमचाही नमुना द्या. तुमच्या गावाकडच्या डॉक्टरांना भावाचा अहवाल आवर्जून दाखवा. भावाचे पुढचे औषध शेवटी तेच पाहणार आहेत, आणि त्यांच्याकडे असे आणखी रुग्ण नक्कीच असतील.